मुबारकबीची गोवरी

हे लिहिणारच नव्हतो. मच्छिंद्र आमच्याच गावचा, वाचलं तर भडकेल. पण ती गोवरी काही डोक्यातून जाईना.

मच्छिंद्रच्या घरी गोबरगॅस आला तो गावातला पहिलाच. रॉकेल कुठं मिळेना, आणि इथं चावी फिरवली की निळा जाळ. त्याची आई मुक्ताबाई आता डोळे न चोळता भाकरी भाजायची. तो नुसता बघत बसायचा.

उद्या बँकेचे साहेब जाळ बघायला येणार होते. त्यांना पटलं की गावात गोबरगॅसच्या आणखी टाक्यांना कर्ज.

तेवढ्यात फक्रुद्दीन आला, शाळेपासूनचा दोस्त. त्यानं पंच्यात बांधून आणलेली गोवरी जुन्या चुलीपुढं ठेवली. त्याची आई मुबारकबी वर्षानुवर्षं मच्छिंद्रच्याच गोठ्यातलं शेण न्यायची, गोवऱ्या थापायची, त्यावरच तिची चूल. टाकी आली आणि मच्छिंद्रच्या बापानं, आबासाहेबांनी, शेण बंद केलं. मग मच्छिंद्रनंच तिला सांगितलं होतं, "चाची, टाकीतनं रबडी भाईर पडती ती न्या. शेनच हाय ते."

"पेटव," फक्रुद्दीन म्हणाला.

"येडा का काय? गॅस असताना?"

"पेटव तर. तुज्याच टाकीतली हाय."

मच्छिंद्रनं गोवरी मोडली, अर्धी चुलीत सारली, काडी ओढली. फुंकून फुंकून गाल दुखले. जाळ होईना. धूर मात्र असा उठला की मुक्ताबाई डोळ्याला पदर लावून दाराकडं पळाली.

"जळायचं ते तुमच्या नळीतनं गेलं," फक्रुद्दीन म्हणाला. "धूर तेवढा अम्माला ठिवला."

"मुबारक ह्याच्यावर रांधती?" मुक्ताबाईनं दारातनं विचारलं.

फक्रुद्दीननं मान डोलावली.

"शेन परत द्या म्हनलं तर आबा न्हाई ऐकायचे रं," मच्छिंद्र पुटपुटला.

"आन् घरोघर टाक्या झाल्या म्हंजी? मग तर रस्त्यावरचं शेन बी गावायचं न्हाई."

मच्छिंद्र उठला, बसला, परत उठला. शेगडीवरचा निळा जाळ तसाच फुरफुरत होता. त्यानं तो बंद केला. उरलेली अर्धी गोवरी उचलून कोनाड्यात ठेवली, उदबत्तीच्या शेजारी.

"फक्रू, उद्या सायेब आले की आदी ही पेटवतो. त्यांच्या म्होरं. आबांच्या बी म्होरं."