गांध

"खाजवायचं नाही," लॅबवाली बाई म्हणाली. "पंधरा मिनिटं. जीव गेला तरी नाही."

खुर्चीत बसलेल्या तिच्या उताण्या हातावर पेनने पाच आकडे. प्रत्येक आकड्याशेजारी औषधाचा एक थेंब, थेंबातून सुईचं टोचणं. एक, नुसतं पाणी. दोन, कुणालाही उठतंच ते. तीन धूळ. चार पराग. पाच बुरशी.

पाचवर गांध उठली तर छातीत आहे तो टीबी नसून बुरशीचा त्रास असण्याची शक्यता खूप, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि बुरशीची लागण कुणाला होत नाही. म्हणजे वेगळी ताट-वाटी बंद. म्हणजे सात महिने ताईकडे ठेवलेली लेक घरी.

ऊठ बाई, ऊठ.

पहिलं मिनिट. काही नाही.

तिसरं. ती खुर्चीत पुढे सरकली, मागे सरकली, पाय हलवायला लागली. शेजारी ताई, तिची थोरली बहीण, मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात ठेवून.

"पाय हलवू नकोस गं."

"खाजवू नको, हलू नको. श्वास घेऊ का?"

"तो तरी कुठे धड घेतेस."

दोघी हसल्या. तिच्या हसण्याचा खोकला झाला. ताईने सवयीने खुर्ची वीतभर लांब ओढली.

सातवं.

"पोरीला सांगितलंस?"

"काय?"

"मी न्यायला येणार म्हणून."

"आधी उठू तर दे," ताई म्हणाली.

दहा. तिने हात उजेडात धरला. तिरका धरला. फुंकर घालून पाहिली.

पंधरा. बाई मोजपट्टी घेऊन आली. पाच सपाट. चार, तीन सपाट. मग दोनवर तिचं बोट थांबलं. ते तिने पुन्हा फिरवलं.

"हा तर सगळ्यांना उठतो. सर्दीची, ॲलर्जीची काही गोळी घेतलीत? तिने गांध दबते."

"नाही हो," ताई म्हणाली. प्रश्न ताईला नव्हताच. "तुमचं औषधच शिळं असेल."

"शिळं?" बाईने दोन नंबरची बाटली उचलली. "आज सकाळी फोडलीय. द्या तुमचा हात."

"माझा कशाला?"

"शिळंच आहे ना? मग काही व्हायचं नाही तुम्हाला."

थेंब. सुई. बाई पलीकडच्या टेबलाशी गेली.

पुन्हा पहिलं मिनिट. आता ती ताईच्या हाताकडे बघत होती.

तपासणीआधी काय घ्यायचं, काय नाही, हे डॉक्टरांनी ताईलाच समजावलं होतं. ती स्वतः तेव्हा बाहेर खोकत बसली होती. आणि आज निघताना ताईने पाण्याचा पेला पुढे केला होता. घशाची गोळी आहे, घे. घशाची गोळी चघळतात ना, तिने विचारलं होतं. ही गिळायची, ताई म्हणाली होती.

तिसरं. ताईच्या हातावर लाली आली.

पाचवं. लालीच्या मधोमध फिकट फुगवटा. मसुराएवढा. मग वाटाण्याएवढा.

तिचे पाय हलायचे थांबले होते. ताईची बोटं गांधेजवळ जात, मागे फिरत.

बाईने येऊन पाहिलं, पट्टी लावायचीही तसदी घेतली नाही. "औषध ठणठणीत आहे. आठ दिवसांनी या. गोळी पोटात नसताना." आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला गेली.

दोघी तशाच बसून राहिल्या, दोघींचे हात मांडीवर उताणे.

"झोपेत माझी वेणी मुठीत धरते पोर," ताई स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाली. "सोडवायला गेलं की जागी होते."