जिन्यातली उडी

फिजिक्सच्या बाईंच्या लेकीचं अंडं तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आलं.

खाली जिन्याच्या तळाशी वर्तमानपत्रं अंथरली होती. एका गटाचं ऑम्लेट तिथे आधीच झालं होतं आणि पोरं त्यावरून यथेच्छ टर उडवत होती. प्रयोग साधा होता. रबरबँडच्या छोट्या साखळीला वजनं टांगायची, ती किती ताणते ते मोजायचं. त्या हिशेबाने जिन्याच्या उंचीची लांब साखळी बांधायची आणि अंड्याला उडी मारायला लावायची. जमिनीच्या जितकं जवळ जाऊन अंडं वाचेल, तितके गुण जास्त. 'बंजी जंपिंगमधील सुरक्षितता', असं बाईंनी फळ्यावर झोकात लिहिलं होतं.

खरं कारण वेगळंच होतं. रविवारी मी पुलावर जाणार आहे, बंजीच्या इथे, असं लेकीने घरी सांगायला सुरुवात केली होती. बाईंनी तिचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही, एवढं बजावून त्यांनी अबोला धरला. लेकीने बेत मात्र बदलला नाही. तेव्हापासून बाईंच्या जिवात जीव नव्हता. भाजी चिरताना, पेपर तपासताना एकच चित्र डोळ्यांपुढे यायचं. पोर डोकं खाली करून पडतेय आणि दोरी ताणतच चाललीय.

मग त्यांनी हा प्रयोग रचला. आणि सकाळी प्रयोगशाळेत कोणी नसताना आणखी एक उद्योग केला. मोजणीसाठी सगळ्यांना नवी रबरं दिली. लांब साखळीसाठी लेकीच्या डब्यात मात्र जुनी टाकली, तक्त्यांच्या गुंडाळ्यांवर वर्षानुवर्षं ताणून ढिली पडलेली. दिसायला दोन्ही सारखीच. एकदा अंडं फुटलं की पोरीच्या डोक्यातलं खूळही जाईल, असं त्यांना वाटलं होतं.

लेकीने अंड्याला डोळे काढले होते आणि दोन वेण्या. वेण्या पाहून बाईंनी नजर फिरवली.

सोडू का बाई, असं तिने विचारलं. शाळेत आईला बाईच म्हणायचं, हा बाईंचाच नियम. त्यांनी मान हलवली.

अंडं सुटलं. साखळी ताणली, आणखी ताणली, थांबायचं नाव घेईना. खाली फट्‌ असा आवाज झाला आणि पोरांनी एकच गलका केला.

बाईंना हायसं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली. वर्ग पांगला तरी लेक पायरीवर बसून पुन्हा पुन्हा तीच आकडेमोड करत होती. बाई शेजारी टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, की बघितलंस ना, आता रविवारची उडी रद्द.

"उडी मी मारणारच नव्हते," ती म्हणाली.

तिला सुट्टीपुरतं तिथे काम मिळालं होतं. आलेल्या माणसाचं वजन करायचं आणि त्याला कोणती दोरी बांधायची ते ठरवून सांगायचं. त्या दिवशी ती हेच सांगायला आली होती.

"गणितात चूक सापडत नाहीये," ती म्हणाली. "मग मी लोकांना दोरी कशी सांगू?"

बाईंनी सगळं सांगून टाकलं. गणित बरोबर होतं, रबरं जुनी होती, ती त्यांनीच टाकली होती. आता ही भडकणार, निदान रडणार तरी, असं त्यांना वाटलं.

ती भडकली नाही. खाली वर्तमानपत्रावर पसरलेल्या पिवळ्या डागाकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "तिथली दोरी किती जुनी आहे, हे मी विचारलंच नाहीये."