न दचकवणारा अलार्म

पैज लावतो, तुमचा विश्वास बसणार नाही. आमची मालिनी वारली, पण रोज दिवेलागणीला माझ्या गाडीत येऊन बसते. आरशात बघून टिकली सारखी करते. मेला अलार्म बोंबलतो आणि बाई दचकून निघून जाते.

मुंबई नाक्यावरच्या दुकानदाराला मी हेच सांगितलं. "चोर आला तर वाजेल आणि ही आली तर गप्प राहील, असा अलार्म दाखव बाबा."

त्यानं हसू दाबत एक खोका उघडला. "हा बघा, काका. गाडी आत घ्या, लगेच बसवून देतो."

मी खिशातून किल्ली काढली. तेवढ्यात सोबत आलेली माझी लेक मृण्मयी सगळ्यांदेखत म्हणाली, "नाना, गाडी कुठंय आता? चांदवडच्या घाटातल्या अपघातात आईबरोबरच गेली ना ती!"