खिडकीतला चमचा

नेवेनका सकाळपासून कोट घालून दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी तिची बॅग. दुपारी देसांकाचा भाचा गाडी घेऊन येणार होता आणि तिला वृद्धाश्रमात सोडणार होता.

हे ठरवलं होतं देसांकानं. नेवेनका तिची नणंद, मेलेल्या नवऱ्याची धाकटी बहीण. चाळीस वर्षं दोघी एका घरात नांदल्या, भांडल्या, एका ताटात जेवल्या. पण या हिवाळ्यात नणंदेला काय झालं होतं कोण जाणे. रोज ती कोठीची खिडकी किलकिली करायची आणि मिटू नये म्हणून फटीत लाकडी चमचा खुपसायची. विचारलं तर म्हणायची, आत जीव घुसमटतो. इकडे वाऱ्याच्या झोतानं देसांकाचं डोकं फुटायची वेळ आली होती. वाऱ्याचा झोत अंगावर घेतला की माणूस संपलाच, हे त्या डोंगरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. देसांकानं दारंखिडक्यांच्या सगळ्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, कपाळाला दारूत भिजवलेल्या बटाट्याच्या चकत्या बांधल्या, गोळ्यांची पाकिटं संपवली. दुखणं हटेना. शेवटी ती म्हणाली, या घरात एकतर मी राहीन, नाहीतर तो वारा. आज सकाळी तिनं चमचा काढून एप्रनच्या खिशात टाकला, खिडकी गच्च लावली आणि चुलीत दोन ओंडके जास्त सारले.

आठवड्याच्या फेरीवर आलेली डॉक्टर यासना चुलीजवळ बसली होती. देसांकाला जास्त जहाल गोळ्या हव्या होत्या. डॉक्टर लिहून देईना, नुसतं विचारत बसली. उन्हाळ्यात दुखतं का? नाही. अंगणात गेल्यावर? तिथं जरा उतरतं. चर्चमध्ये? तिथं तर मुळीच नाही, देवाची कृपा.

"मग गोळी कशाला मागता, आजी? दुखणं तुमच्या डोक्यात नाही, या घरात आहे."

"तेच तर सांगतेय बाई. वन्सं खिडकी उघडतात."

डॉक्टरनं स्वतःच्या कपाळावर हात दाबला. बसून पंधरा मिनिटंही झाली नव्हती आणि तिचंही डोकं जड झालं होतं. ती उठली. धुराडं साफ करणारा या वर्षी आला होता का, असं तिनं विचारलं. आला होता की, देसांका म्हणाली, रस्त्यात दिसला तेव्हा शकुनाला कोटाचं बटण घट्ट धरलं होतं; धुराडंवाला दिसला की बटण धरावं, नशीब उघडतं.

"आणि त्याला घरात बोलावलं?"

नव्हतं बोलावलं. शकुन झाल्यावर त्याचं घरात आणखी काय काम, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

डॉक्टरनं पुढचं काही ऐकून घेतलं नाही. देसांकाला दंडाला धरून तिनं अंगणात आणलं, येताना दारं सताड उघडली, आणि नेवेनकाशेजारी बाकावर बसवलं. मग शेजारच्या माणसाला हाक मारली. त्यानं आधी चुलीतले निखारे घमेल्यात बाहेर काढले. मग शिडी लावून धुराड्यात हात घातला, तर काटक्या, पिसं, लोकर असं कावळ्याचं अख्खं घरटं निघालं. धूर फटींतून कसाबसा वर जायचा, पण चुलीचा विषारी वायू गेले चार महिने घरातच कोंडत होता. त्याला ना रंग ना वास.

थंडगार हवेत देसांकाचं डोकं हळूहळू हलकं होत होतं. कपाळावरच्या चकत्या तिनं सोडून टाकल्या.

"दोघींचं रक्त आजच तपासायचं," डॉक्टर म्हणाली. "आजी, तुम्ही चार महिने जगलात कशा तेच कळत नाही. घरात वारा यायला कुठे वाट होती का?"

देसांकाचा हात एप्रनच्या खिशात गेला. खिडकी बंद ठेवून आजची एक रात्र, तिच्या मनात आलं, फक्त आजची रात्र काढली असती तर. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात फाटकाशी भाच्याची गाडी थांबली. तो उतरला आणि ठरल्याप्रमाणे बॅग उचलू लागला.

"ती घरात ठेव," देसांका म्हणाली. "आम्ही दोघी दवाखान्यात जाऊन येतो."

मग खिशातला चमचा काढून तिनं दोन्ही हातांनी नणंदेपुढे धरला.

"घ्या वन्सं. जिथला होता तिथं खोचून या, मग निघू."