वरचा मजला

आमच्या बुद्धिबळ क्लबात रेटिंग सोळाशेच्या पुढे गेलं की माणूस पहिल्या श्रेणीत जातो, आणि पहिली श्रेणी बसते वरच्या मजल्यावर. वरच्यांनी वरच्यांशीच खेळायचं, खालच्यांनी खालच्यांशी. त्यात सेक्रेटरी कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

“सिस्टर, अजून एक डाव जिंका, की तुम्ही वर!” ते म्हणाले.

रिटायर्ड नर्सबाईंनी विचारलं, “वर हल्ली कोण असतं?”

“सध्या कुणीच नाही. तुम्हीच पहिल्या.”

समोर त्यांचे नेहमीचे जोडीदार, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, मोहरे मांडत होते. रविवारची ही दुपार सोडली, तर दोघांच्याही घरी बोलायला कुणी नव्हतं.

त्या डावात सिस्टरनी वजीर सरळ उंटाच्या तोंडी दिला.

“अहो, वजीर जातोय तुमचा.”

“जाऊ द्या. केलेली चाल मी परत घेत नाही.”

सलग तीन रविवार त्या हरल्या आणि जिंकल्यासारख्या तोंडानं घरी गेल्या.

चौथ्या रविवारी सेक्रेटरी टाळ्या वाजवतच आले. “अभिनंदन, घड्याळजी! सिस्टरचे जेवढे गुण गेले, तेवढे सगळे तुमच्या खात्यात जमा. सोळाशे पार! उचला तो चष्मा आणि चला वर.”

घड्याळजींनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी पटाकडे.

लाकडी जिना बराच वेळ करकरत राहिला. मग वरून मोहरे मांडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं खुर्ची सरकली, आणि समोरच्या बाजूचे मोहरेही त्यांनीच मांडले.