कॉर्नरची रंगीत तालीम

या वर्षी आपल्या फुटबॉल संघाने कॉर्नरवर इतके गोल खाल्ले होते, की समोरच्यांना कॉर्नर मिळाला की शिंपी डोळेच मिटून घ्यायचा. रविवारी शेवटचा सामना होता. हरलो, तर संघ थेट खालच्या श्रेणीत जाणार होता.

शिंप्याच्या दुकानात दोन तट पडले.

शिंप्याचा मेव्हणा म्हणाला, "प्रत्येकाने आपली जागा धरून उभं राहायचं."

"जागा गोल मारत नाही रे बाबा, माणूस मारतो," शिंपी म्हणाला. "माणूस धरायचा."

"धरतात की. गोल झाल्यावर एकमेकांची कॉलर धरतात."

शेवटी शिंप्याने ठरवलं, करूनच दाखवू आणि व्हिडिओ प्रशिक्षकाला पाठवू. सगळी गिऱ्हाइकं मागच्या अंगणात आली, दोन स्टुलं ठेवून गोल तयार झाला. पण समोरचा संघ व्हायला कोणी तयार होईना. "मस्करीतसुद्धा त्यांच्याकडून खेळणार नाही," असं म्हणून शिंप्याचे सासरेबुवा बचावात जाऊन उभे राहिले. मेव्हणा नाइलाजाने कॉर्नर मारायला गेला. धरायला माणूसच नव्हता, म्हणून सगळ्यांनी एकमेकांना धरलं.

चेंडू आला. शिंप्याने जिवाच्या आकांताने उडी मारली. चेंडू त्याच्याच टकलावर आपटून दोन स्टुलांच्या मधून आत गेला.

वरच्या खिडकीतून शिंप्याची बायको मघापासून बघत होती.



"कोणाशी हरलात?" तिने विचारलं.