दिवसभर पुरेल एवढी हवा

"ही ठेवू की ती घेऊ?" चष्मेवाल्यानं विचारलं.

त्याच्या एका हातात त्याची नेहमीची लहान ॲल्युमिनियमची टाकी होती आणि दुसऱ्या हातात मामानं बळेच दिलेली मोठी, काळी, कार्बन फायबरची. खिडकीच्या आत भाची हवेची नळी पुसत होती. तिनं लहान टाकीकडे बोट केलं.

मैदान मामाचं होतं. रविवारी लोक येत, मुखवटे चढवत आणि टायरांच्या ढिगांआड लपून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडत. बंदुकीला हवेची टाकी लावल्याशिवाय गोळी उडत नाही, म्हणून कोपऱ्यात पत्र्याची खोली, खोलीत कॉम्प्रेसर आणि कॉम्प्रेसरवर भाची. तिकीट काढलं की दिवसभर हवा फुकट, ही मामाचीच कल्पना. त्या कल्पनेला चष्मेवाला पुरून उरला होता. बाकीचे सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा टाकी भरून घेत. हा प्रत्येक डावानंतर हजर.

"सगळ्या गावाला चष्मे लावतो आणि याला समोरचा माणूस दिसत नाही!" मामा कुरकुरत असे. "नुसती हवा फुंकतो. बरं, एवढ्या गोळ्या उडवतो तर माझ्याकडून एक पाकीट घ्यावं! नाही. दुसरीकडून स्वस्तात आणत असणार, बेटा."

भाचीला त्याच्या नेमाशी काही कर्तव्य नव्हतं. तिला तो आवडत होता, इतकं साधं होतं ते. टाकी भरेपर्यंत तो खिडकीशी उभा राही. एकदा त्यानं तिच्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू तिथल्या तिथे आवळून दिला होता. बाकीचे लोक घामानं निथळत, केसांचं घरटं करून येत. हा मात्र नीट भांग पाडलेला. स्वभावच टापटिपीचा, असं तिनं ठरवून टाकलं होतं. अडचण एकच होती. टाकी भरली की दोघांजवळचं बोलणंही संपत असे.

"लहानच का पण?" त्यानं विचारलं.

"मोठी अडचणीची होते. वाकून पळताना अडकते."

"मी फारसा पळत नाही."

"शिवाय खांद्याला नीट टेकत नाही."

हे धादांत खोटं होतं, आणि बोलून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली. माणूस भरवशानं विचारतोय आणि आपण आपलंच घोडं दामटतोय. ती बाहेर आली. मोठी टाकी तिनं त्याच्या बंदुकीला फिरवून बसवली.

"धरून बघा."

टाकीचं बूड त्याच्या खांद्यात चपखल बसलं, माप घेऊन केल्यासारखं.

"छान बसली," ती म्हणाली. तिचा आवाज जरा बारीकच निघाला.

"कितीदा भरावी लागेल?"

"एकदाच. सकाळी भरली की दिवसभर पुरेल."

"दिवसभर?"

"हो. मग सारखं सारखं इथे यायला नको."

त्यानं बंदूक खांद्यावरून उतरवली. मग म्हणाला, "खरंय. तुम्हालाही त्रासच."

"त्रास कसला, कामच आहे माझं," ती म्हणाली आणि लगेच स्वतःवरच चिडली. हे काय उत्तर झालं?

तेवढ्यात मामा आला. "बसली ना? मग आता कसला विचार करताय राव! कॉम्प्रेसरलाही जरा उसंत मिळू दे." त्यानं नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. नवी वस्तू घेतलेल्या माणसाचं तोंड इतकं उतरलेलं भाचीनं कधी पाहिलं नव्हतं. महाग पडली असेल बिचाऱ्याला, तिला वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं मोठी टाकी काठोकाठ भरून दिली आणि त्याची पाठमोरी आकृती मैदानाकडे जाताना पाहिली. चांगला हातातला रविवार घालवलास, असं तिनं स्वतःला सुनावलं. त्या तंद्रीत तिचा चहा गार झाला.

पहिला डाव संपल्याची शिट्टी झाली, आणि चष्मेवाला खिडकीशी उभा!

"संपली," तो म्हणाला.

"अख्खी?"

टाकीवरचा काटा शून्यावर होता. तिला आनंद झाला खरा, पण पाठोपाठ शंका आली. गळकी टाकी तर आपण याच्या गळ्यात मारली नाही? तिनं टाकीत थोडी हवा भरून ती पाण्याच्या टबात बुडवली. दोघंही टबावर वाकून बघत राहिली. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"टाकीत दोष नाही," ती म्हणाली.

"मग माझ्यातच असेल," तो म्हणाला, आणि दोघं हसली.

मोठी टाकी भरायला वेळही चांगला दुप्पट लागला. तो वेळ मात्र छान गेला.

दुसरा डाव सुरू झाला, तरी तिला चैन पडेना. टाकी ठीक आहे, पण बंदूकच गळत असली तर? मोठा आवाज होऊन इजा झाली म्हणजे? त्याला खेळताना एकदा बघावंच, म्हणून ती खोलीबाहेर पडली. मैदानाकडे वळणार तोच खोलीच्या मागून फट्-फट् असा आवाज आला. मागे कुणी खेळत नसे. तिथे होती फक्त मामानं चुना मारलेली कुंपणाची भिंत.

तिनं कोपऱ्यावरून डोकावलं.

चष्मेवाला भिंतीवर बंदूक रोखून उभा होता. फट्, फट्, फट्. नजर काट्यावर. पांढऱ्या भिंतीवर रंगाचा एक ठिपका नव्हता. बंदुकीवरचा गोळ्यांचा डबा रिकामा होता आणि त्याच्या झाकणावरची कंपनीची पट्टी अजून फाडलेलीसुद्धा नव्हती.

काटा शून्यावर आला. त्यानं बंदूक भिंतीला टेकवून ठेवली, मुखवटा काढला, खिशातून कंगवा काढला आणि नीट भांग पाडला.